वेग आणि सफाई

परभणीत गिटार शिकायला लागलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिले चार-पाच कॉर्ड जमले की लगेच एक प्रश्न पडतो : स्पीड कधी येणार? जिंतूर, सेलू, गंगाखेडहून शनिवार-रविवारी एसटीने येणारे विद्यार्थी तर हा प्रश्न घरूनच घेऊन येतात. मोबाईलवर कुणाचा तरी सोलो ऐकलेला असतो, त्यातल्या शेवटच्या दहा सेकंदांत बोटं दिसतसुद्धा नाहीत, आणि तेवढी दहा सेकंदं यांना हवी असतात. प्रश्न अगदी रास्त आहे. ‘आधी मन लावून शीक, वेग आपोआप येईल’ असं उत्तर देऊन त्याला गप्प करण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. वेग आपोआप येत नाही. वर्षानुवर्षं मन लावून वाजवणारे आणि एका ठरावीक लयीच्या पुढे न गेलेले वादक प्रत्येक गावात असतात.

दुसरं उत्तर आजकाल सगळीकडे मिळतं. मेट्रोनोम साठवर लाव, चुका न करता वाजव, मग पासष्ट, मग सत्तर. रोज थोडं थोडं वाढवत गेलास की एक दिवस दीडशेवर पोचशील. हा सल्ला अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त घोटाळा करतो. त्याने शंभर-एकशेदहापर्यंत बहुतेक जण पोचतात. तिथे गाडी अडते आणि महिनोन्‌महिने अडूनच राहते. विद्यार्थ्याला वाटतं, आपली बोटंच जड. कारण बहुधा वेगळं असतं. साठच्या लयीत हात कितीही मोठा हलवला, पिक तारेपासून बोटभर लांब नेलं, मनगट आवळून धरलं, तरी स्वर वेळेवर आणि स्वच्छ येतो. हळू लय सगळं माफ करते. अशी हालचाल हजार वेळा घोटली की ती पक्की होते, आणि जी पक्की झाली ती दीडशेच्या लयीत चालण्यासारखी नसतेच. या पुस्तकात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे : वेग आणि सफाई या एकामागून एक चढायच्या दोन पायऱ्या नाहीत. हालचाल पहिल्या दिवसापासून वेगात चालेल अशीच बसवायला हवी, आणि ती तशी बसली आहे का, हे मधूनमधून वेगात वाजवूनच तपासायला हवं.

वेग म्हणजे नेमका किती, हे आधी आकड्यांत पाहू. साठची लय म्हणजे सेकंदाला एक मात्रा. मात्रेला एक स्वर वाजवला तर बरोबरी, दोन वाजवले तर दुगुन, चार वाजवले तर चौगुन, म्हणजे सेकंदाला चार स्वर. पाश्चात्त्य पद्धतीने ‘एकशेवीसला सिक्स्टीन्थ’ म्हणतात तेव्हा एकशेवीसच्या लयीत चौगुन होते, सेकंदाला आठ स्वर. एकशेसाठला हाच आकडा साडेदहाच्या वर जातो. ज्या सोलोंनी मुलांची झोप उडवलेली असते, त्यांतले बरेचसे सेकंदाला आठ ते बारा स्वरांच्या आत बसतात. आकडा कळला की भीती थोडी कमी होते. टेबलावर दोन बोटं आळीपाळीने आपटून पाहा. सेकंदाला आठ ठोके फारशा कष्टाशिवाय पडतात. स्नायूंचा वेग बहुतेक माणसांकडे असतोच. नसतो तो दोन हातांचा मेळ, आणि नको ती हालचाल टाळण्याची सवय.

आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला एक मोठा फायदा आहे, तो त्याच्या लक्षात येत नाही. वेगाचा कान त्याला घरूनच मिळालेला असतो. गावच्या भजनी मंडळात पखवाजाची लग्गी लागते, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात कव्वालीचे टाळ्यांचे ठेके चढत जातात, गणपतीत हलगी कडाडते. चढी लय कशी सावरली जाते ते त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यातही ज्याने गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या किंवा गायनाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा दिल्यात, त्याच्या हातात तर तयार साधनच आहे. तबला शिकवणारे गुरुजी कायदा आधी तोंडाने म्हणून घेतात. जीभ जिथे अडखळते तिथे हात अडखळणारच, हे त्यांना ठाऊक असतं. गिटारच्या वर्गात मात्र पढंत कुणी करून घेत नाही. या पुस्तकातला प्रत्येक पलटा वाजवण्याआधी सरगमीत म्हणायचा आहे, तोही दुगुनीत. न म्हणता वाजवणाऱ्याचा वेळ दुप्पट जातो, हा माझा अनुभव.

दुगुन-चौगुनीच्या सवयीतला आणखी एक गुण मेट्रोनोमच्या काट्यात नाही. योहान मेल्झेलने १८१५ साली मेट्रोनोमचं पेटंट घेतल्यापासून पाश्चात्त्य विद्यार्थी लय दोन-दोन, चार-चार अंशांनी सरकवत आला. आपल्याकडे ठेका जागचा हलत नाही आणि आतले स्वर एकदम दुप्पट होतात. यात मधल्या अंशांवर रेंगाळायला जागाच नसते. बरोबरीतून चौगुनीत उडी मारताना हाताची हालचाल लहान करावीच लागते, नाहीतर सम हुकते. हळू-हळू चढवणं आणि एकदम दुप्पट करणं, दोन्ही हवं. पण वेगाच्या भिंतीवर डोकं आपटणाऱ्याला मी आधी ठेका लावून दुगुन-चौगुन करायला बसवतो.

हाताच्या किफायतशीर हालचालीसाठी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात दर हंगामात दिसतं. मानवत, सेलूच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाया पाहा. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून हात भरभर चालायला हवा. आणि पालापाचोळा, बोंडाची टरफलं कापसात आली तर माल घाण ठरतो, म्हणून वेचणी स्वच्छही हवी. नवशिकी बाई दर बोंडाशी झटापट करते, हात वर नेते, पुन्हा खाली आणते. सरावलेली बाई एक बोंड मोकळं करताना पुढच्या बोंडाकडे नजर टाकून असते, हात झाडापासून लांब जातच नाही, आणि बोटांत जोर असा दिसत नाही. तिला कुणी ‘आधी हळू वेच, मग जलद वेच’ असं शिकवलेलं नसतं. पहिल्या दिवसापासून तिच्यापुढे दोन्ही अटी एकदमच असतात.

आता गिटारकडे. उजव्या हातापासून सुरुवात करतो, कारण वेग अडतो तो बहुतेक वेळा तिथेच, आणि सगळे बघत बसतात डाव्या हाताकडे.

सतारीच्या विद्यार्थ्याला नखीचे ‘दा’ आणि ‘रा’ हे दोन बोल पहिल्याच आठवड्यात मिळतात : आतला आघात आणि बाहेरचा. गिटारवर पिकचा खालचा आणि वरचा आघात हे तेच जोडपं. सतारीवर सुरावट मुख्यतः बाजाच्या एकाच तारेवर चालते. डावा हात दांडीवर लांबच लांब सरकतो, मींड घेतो, आणि उजवा हात त्याच तारेवर दा-रा दा-रा करत राहतो. गिटारवर सुरावट सहा तारांवर आडवी पसरते. सहाव्या तारेवर तीन स्वर, पाचव्यावर तीन, चौथ्यावर तीन, असं चढत जायचं. म्हणजे सतारीची सगळी शिस्त उचलली तरी एक अडचण सुटत नाही : एका तारेवरून दुसरीवर उडी.

तिथे काय होतं ते नीट पाहा. तीन स्वर एका तारेवर आळीपाळीने छेडले, खाली-वर-खाली, तर तिसऱ्या आघातानंतर पिक पुढच्या तारेजवळ उभं असतं, आणि त्या तारेचा पहिला आघात वरच्या दिशेचा येतो. त्यासाठी पिकला तार ओलांडून पलीकडे जावं लागतं. त्या तारेवरचे तीन स्वर झाले, की त्याच्या पुढच्या तारेवर पुन्हा खालचा आघात. म्हणजे एका उडीत पिक तारेच्या बाहेरून जातं, दुसरीत दोन तारांच्या मधून. हळू लयीत हा फरक जाणवतही नाही. चौगुनीत पिक दोन तारांच्या सापटीत अडकतं आणि तिथून सुटण्यासाठी मनगट झटका देतं. तो झटका म्हणजेच आवाजातली ती खरखर आणि तो अर्धा हुकलेला स्वर.

यावर उपाय एक नाही. पिक किंचित तिरकं धरलं, की एका दिशेच्या आघातानंतर ते तारांच्या पातळीच्या वर निसटतं आणि दुसऱ्या दिशेच्या आघातानंतर अडकतं. ज्याचं पिक वरच्या आघातानंतर सुटतं, त्याने वरच्या आघातावर तार बदलायची सोय करून घ्यावी, म्हणजे एका तारेवर दोन किंवा चार स्वर. ज्याचं खालच्या आघातानंतर सुटतं, त्याने उलट. तीनच स्वर हवे असतील तर त्यांतला एक स्वर डाव्या हाताच्या बोटाने ठोकून काढला, ज्याला हॅमर-ऑन म्हणतात, की पिकचे आघात सम होतात. अनेक नावाजलेल्या वादकांनी हे हिशेब नकळत केलेले असतात. त्यांना विचारलं तर ‘मी तर सरळ आळीपाळीने वाजवतो’ असं सांगतील. म्हणून वादक काय सांगतो यापेक्षा त्याच्या हाताचं मंद गतीतलं चित्रण पाहावं. आजकाल कुठलाही मोबाईल ते करून देतो.

डाव्या हाताबद्दल थोडक्यात लिहितो, कारण याविषयी सगळीकडे पुष्कळ सांगितलं जातं. बोट फ्रेटच्या अगदी लगत, मागच्या बाजूला. दाब लागेल तेवढाच. तो मोजण्याची युक्ती सोपी : बोट तारेवर नुसतं टेकवा, स्वर छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. आधी ठक्‌ असा मेलेला आवाज, मग खरखर, मग एका क्षणी स्वर उजळतो. तिथे थांबा. बहुतेक विद्यार्थी याच्या कितीतरी पट जोर लावतात. सगळी बोटं तारांजवळ राहिली पाहिजेत, करंगळीसुद्धा. ती झेंड्यासारखी वर उभी राहिली की परत येताना उशीर करते.

सरावाची सुरुवात पहिल्या फ्रेटपासून करू नका. साधारण ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेच्या गिटारवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ३६ मिलिमीटरवर असतो, चौथा आणि पाचवा यांच्यात सुमारे २९ मिलिमीटर अंतर असतं, आणि बाराव्यापाशी ते १९ वर येतं. लहान हाताच्या मुलीला पहिल्या चार फ्रेटवर बोटं ताणून ‘एक-दोन-तीन-चार’ घोटायला लावणं हा शुद्ध छळ आहे. पाचव्या-सातव्या फ्रेटवर तेच काम सुखाने होतं. आणि बोटं किती, याचाही बाऊ नको. जँगो राइनहार्टचा डावा हात १९२८ साली त्याच्या गाडीला लागलेल्या आगीत भाजला, अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली. त्याने उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवले, ते आजही धडधाकट चार बोटांच्या वादकांना पेलत नाहीत.

दोन्ही हात वेगवेगळे चांगले असूनही वाजवणं घाण ऐकू येतं, तेव्हा दोष मेळाचा असतो. पिक तारेवर पडतं आणि बोट अजून पोचलेलं नसतं, किंवा पोचून पुढे निघालेलं असतं. फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यांचा, पण कानाला तो लगेच टोचतो. त्याचा इलाज एका तारेवर, दोन स्वरांवर करावा. सहा तारांवर धावत सुटून तो होत नाही.

याच जोडीला नको असलेल्या तारांचा आवाज. साध्या अकौस्टिक गिटारवर तो झाकला जातो. विद्यार्थी जेव्हा पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार अॅम्पला लावून डिस्टॉर्शन चढवतो, तेव्हा त्याला धक्का बसतो : आपण एक स्वर वाजवतोय आणि बाकीच्या पाच तारा गुणगुणताहेत. जाड तारा उजव्या तळहाताच्या कडेने दाबून ठेवायच्या, बारीक तारा डाव्या तर्जनीच्या खालच्या अंगाने, आणि शेजारची तार तर्जनीच्या टोकाने. हे काम ऐकू येत नाही, दिसतही नाही, म्हणून शिकवणारेही विसरतात. माझ्या मते सफाईचा निम्मा भाग या न वाजणाऱ्या तारांचा आहे.

हात कितीही साफ असला तरी वाद्य अडवू शकतं. दुकानातून आणलेल्या स्वस्त गिटारच्या तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच असतात की मोठ्या माणसालाही बार कॉर्ड धरताना घाम फुटावा. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेच्या खाली पट्टी धरून मोजा. अकौस्टिकवर अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक. चार असेल तर आधी कारागिराकडे न्या, मग सरावाला बसा. तारा बाराच्या ऐवजी अकराच्या किंवा दहाच्या संचाच्या लावल्या तर नवशिक्याच्या बोटांवर उपकार होतात. आवाज थोडा बारीक होतो, होऊ द्या.

आणि आपलं हवामान. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या नोंदीत तो पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. गिटारच्या लाकडाला उष्णतेपेक्षा कोरडी हवा जास्त त्रास देते. फ्रेटबोर्ड आक्रसतो, धातूचे फ्रेट आक्रसत नाहीत, आणि त्यांची टोकं कडेने बाहेर येऊन बोटाला ओरखडतात. उन्हाळ्यात हात सरकवताना अचानक टोचायला लागलं तर कारण हे. पुष्कळ घरांत यावर आणखी एक गोंधळ असतो : दिवसभर कूलर चालतो, खोलीत ओलसर वारा खेळतो, रात्री कूलर बंद, पहाटेपर्यंत पुन्हा कोरडं. भिंतीला टांगलेली गिटार दिवसातून दोनदा फुगते आणि आक्रसते. ती पेटीत ठेवावी, पत्र्याच्या खोलीत किंवा कूलरच्या झोतात कधीच नाही. मान वाकली तर ट्रस रॉड पाव-पाव वळशाने फिरवतात, तेही माहीत असलेल्या माणसाने. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तीच मान उलट वागते, म्हणून उन्हाळ्यात केलेली दुरुस्ती पावसाळ्यात एकदा तपासून घ्यावी.

पलटे कसे निवडले, हे सांगायला हवं. गिटारच्या सरावाची परंपरा जुनी आहे. माउरो जुलियानीने १८१२ च्या सुमारास व्हिएन्नात उजव्या हाताचे १२० अभ्यास छापले. त्यातली हुशारी अशी की डाव्या हाताला त्याने जवळजवळ काही कामच दिलं नाही. सी आणि जी-सेव्हन हे दोनच कॉर्ड आलटून पालटून येत राहतात, आणि सगळं लक्ष उजव्या बोटांकडे जातं. एका वेळी एकाच हाताला अवघड काम द्यायचं, हे तत्त्व मी त्याच्याकडून उचललं आहे. पुस्तकाच्या पहिल्या भागात डावा हात स्थिर, दुसऱ्यात उजवा हात एकाच तारेवर, आणि तिसऱ्यात कुठे दोघे एकत्र येतात. अधीर विद्यार्थी सरळ तिसरा भाग उघडतो. उघडू द्या, अडला की मागे येईल.

वेग वाढवण्याचं प्रकरण मात्र चाळून सोडू नका. त्यात मी ‘तुकडा’ पद्धत वापरली आहे. चार स्वर घ्या, पाचव्यावर थांबा. ते चार पूर्ण वेगात, अगदी जो वेग शेवटी हवा आहे त्यात वाजवा, हात सैल सोडा, श्वास घ्या, पुन्हा वाजवा. चुकलं तर चुकू द्या, पण पाचव्या स्वरावर हात थांबलाच पाहिजे आणि थांबताना मोकळा असला पाहिजे. चार जमले की आठ, मग समेवर येऊन संपणारी छोटी तिहाई. हळू लयीतला सराव या सोबत चालू राहतोच, मात्र त्याला आता वेगळं काम असतं : वेगात जी लहान हालचाल सापडली, तीच हळू करून पाहायची. साठच्या लयीतही पिक तारेपासून तेवढंच लांब जायचं, जेवढं एकशेसाठला जातं. हे पाहायला सोपं, करायला कंटाळवाणं.

तुकड्यांनी वेग का वाढतो, याचं एक जुनं उत्तर तारखात्यातून आलेलं आहे. ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकी संशोधकांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारबाबूंच्या शिक्षणावर निबंध लिहिले. नवा तारबाबू एक-एक अक्षर ऐकतो. मग वेग वाढतो, मग तो बराच काळ एकाच जागी थांबतो, आणि एके दिवशी पुन्हा उसळतो. थांबलेल्या काळात त्याचा कान अक्षरांकडून शब्दांकडे, शब्दांकडून वाक्यांकडे जात असतो. अनुभवी तारबाबूला अख्खा शब्द एकच घटक वाटतो. गिटारवरही तेच होतं. सेकंदाला दहा स्वर कुणीच एकेक करून ‘विचारत’ नाही. चार-चार, सहा-सहा स्वरांचे तुकडे हाताला एक वस्तू म्हणून माहीत असतात. ज्याची प्रगती अडली आहे, त्याचे तुकडे अजून लहान आहेत.

त्याच संदर्भात आणखी एक गोष्ट, जी विद्यार्थ्यांना अजिबात आवडत नाही. एकच पलटा अर्धा तास घोटला की तो त्या दिवशी सुरेख येतो आणि दुसऱ्या दिवशी विसरलेला असतो. तीन वेगवेगळे पलटे फिरवून-फिरवून वाजवले तर त्या दिवशी सगळेच कच्चे वाटतात, पण नंतर जास्त टिकतात. शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग करून हे दाखवलं, आणि त्यानंतर अशा सरावावर बराच अभ्यास झाला. म्हणून पुस्तकातले पाठ मुद्दाम मिसळून दिले आहेत. ‘सर, हे गोंधळाचं आहे’ ही तक्रार मला आधीच माहीत आहे.

दुखण्याबद्दल बजावून ठेवतो. बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंतची चुरचुर वेगळी. मनगटात, पुढच्या हातात कळ आली की त्या दिवसाचा सराव संपला. हिवाळ्याच्या सकाळी थंड हाताने वेगाचे तुकडे वाजवू नयेत; गार पडलेली बोटं खरोखरच मंद आणि बधिर असतात, त्यांना कोमट पाण्यात धरा. रेटून केलेल्या सरावाने मोठमोठे हात बिघडले आहेत. रॉबर्ट शूमानचा उजवा हात तरुणपणीच बिघडला आणि पियानोवादक होण्याचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं. लिऑन फ्लायशरच्या उजव्या हाताची बोटं १९६० च्या दशकात आपोआप मुडपायला लागली आणि पुढची अनेक वर्षं तो फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला. हे घाबरवायला सांगत नाही. पण ‘कळ सोस, मग येईल’ असं सांगणारा शिक्षक भेटला तर त्याचं ऐकू नका.

इतकं सगळं वेगासाठी करायचं, तर तो कशासाठी, हा प्रश्न पालक विचारतात आणि त्यांना तो हक्क आहे. ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जॉन मॅक्लॉफ्लिन, अल डिमेओला आणि पाको दे लुसिया यांनी एकत्र बसून वाजवलं. बहुतांश त्या मैफलीतलीच ध्वनिमुद्रणं असलेली ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ ही तबकडी वेगाच्या प्रत्येक भक्ताच्या संग्रहात असते. त्या तबकडीतल्या वेगापेक्षा मला एक गोष्ट जास्त मोलाची वाटते : दोघे पिकने वाजवतात, पाको नुसत्या बोटांनी, आणि डोळे मिटले की तिघे ओळखू येतात. त्याच मॅक्लॉफ्लिनने त्याआधी ‘शक्ती’ या वाद्यवृंदात झाकिर हुसेन आणि एल. शंकर यांच्यासोबत वाजवताना व्हायोलिनच्या बरोबरीने ताना घेतल्या, त्यासाठी फ्रेटच्या मधलं लाकूड खोदून पोकळ केलेली गिटार वापरली, म्हणजे तार खोल दाबून मींडीसारखा स्वर ओढता यावा. वेग त्याला आधीपासून होता. इथे तो भारतीय सुरावटीला वळावा म्हणून वाद्यच बदलावं लागलं. आणि दुसऱ्या टोकाला ब्रिजभूषण काब्रा. मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारवर धातूची नळी सरकवून वाजवणाऱ्या या माणसाने १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत गिटारला मैफलीत बसवलं. तिथे फ्रेटचा आधारच नाही. नळी केसभर इकडे-तिकडे झाली की सूर गेला. विविध भारतीवर व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या धुना ऐकत वाढलेल्या पिढीला गिटार म्हणजे हेच वाद्य वाटायचं. आपल्या भागातल्या ज्येष्ठ श्रोत्याला भरधाव सोलो ऐकवला, तर तो मान हलवील, पण दाद देईल ती ओढलेल्या स्वराला. त्याला मागासलेला समजू नये. वेगात वाजवलेल्या तुकड्यानंतर एक लांब स्वर धरता येतो का, हे या पुस्तकातल्या प्रत्येक पाठाच्या शेवटी तपासलं आहे.

शेवटी लेखनाविषयी. गिटारची बहुतेक पुस्तकं टॅबमध्ये असतात : सहा रेघा, त्यांवर फ्रेटचे आकडे. टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगतो, काय वाजतंय ते सांगत नाही. मी प्रत्येक पाठ टॅबमध्ये आणि त्याखाली सरगमीत दिला आहे. सा कुठला, यावर बराच विचार करून पांढरी एक, म्हणजे सी, कायम ठेवली. पेटी वाजवणाऱ्याला सहा मोकळ्या तारा जाडीकडून बारीकीकडे अशा सापडतील : पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा वरची तीन. घरात पेटी असेल तर गिटार तिच्यावरच जुळवा. मोबाईलवरचा ट्यूनर काट्याकडे पाहायला शिकवतो, पेटी कानाला शिकवते. मात्र घरची पेटी जुनी असेल आणि तिची पट्टी उतरलेली असेल, तर वर्गात इतरांबरोबर वाजवण्याआधी ट्यूनरवर पुन्हा जुळवून घ्या. टॅबच्या रेघांवर आघाताची दिशा ‘दा’ आणि ‘रा’ अशी लिहिली आहे. ‘दा’ म्हणजे पिक जमिनीकडे, ‘रा’ म्हणजे छताकडे. सतारीतलं आत-बाहेर इथे लावू नका. डावखुऱ्यांनी तारा उलट्या क्रमाने लावून घेतल्या असतील तर टॅब जसाच्या तसा चालतो, काहीही उलटं वाचायची गरज नाही.